पाव किलो इकडे-तिकडे

जगात मोजता येत नाही अशी एकही वस्तू नाही. आणि मोजता आली नाही, तर दोष वस्तूचा नसतो, मोजणाऱ्याचा असतो. निवृत्ती म्हसाळ सरांनी हे वाक्य नववीच्या वर्गात इतक्या गंभीरपणे उच्चारलं की मागच्या बाकावरचे दोघे जागे झाले. त्या वेळी सरांच्या अंगात जी पँट होती ती मोताळ्याच्या शिंप्यानं दोनदा माप घेऊन शिवली होती, आणि ती घोट्याच्या वर चार बोटं थांबली होती. शिंप्याचं म्हणणं, माप बरोबर आहे, सरच लांब निघाले.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सरकारनं शेर बंद करून किलो आणला होता, आणि सावरखुट्याची माणसं बाजारात किलोनं घेत आणि शेरात भांडत. अशा गावात नवं हायस्कूल निघालं, आणि अमरावतीला बी.एस्सी. झालेले म्हसाळ सर तिथं भौतिकशास्त्र शिकवायला आले. मूळचे डोणगावकडचे. शिकवताना पुस्तकी बोलत. घाबरले की वऱ्हाडी. वर्षभरात गावानं त्यांची वऱ्हाडी फारशी ऐकली नव्हती.

सर राहायला सुभद्राबाईंच्या ओसरीलगतच्या खोलीत होते. सुभद्राबाईंचे यजमान रंगराव काही वर्षांमागं कार्तिकात कापसाची गाडी घेऊन मलकापूरच्या बाजाराला निघाले, ते आलेच नाहीत. बैल आले. गाडी रिकामी, दोर जागच्या जागी. बैल दाराशी येऊन उभे राहिले. एवढी वाट तुडवून आलेले, पण बादली पुढं केली तर त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. लोकांनी विहिरी पाहिल्या, नळगंगेचा काठ पाहिला, मलकापुरात विचारलं. रंगराव नाहीत.

तेव्हापासून सुभद्राबाई रोज कुंकू लावत, आणि त्यांचे धाकटे दीर अर्जुनराव रोज ते पाहत. अर्जुनराव सबुरीचा माणूस होता, पण ती सबुरी आता संपत आली होती. त्यांनी गावात सांगून टाकलं: येत्या वैशाखात आसरामायच्या गोट्याला कौल लावायचा. दादा हयात नाही असा कौल मिळाला, तर रीतीप्रमाणं दिवस करायचे, वयनीच्या बांगड्या उतरवायच्या आणि तिला डोणगावला भावाकडं पोचवायचं. अर्जुनरावांच्या बायकोनं आपली लोखंडी पेटी आत्ताच सुभद्राबाईंच्या खोलीत आणून ठेवली होती, ऐनवेळी धावपळ नको म्हणून.

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. गावाबाहेर त्यांचं दगडी कुंड होतं, चारी बाजूंनी पायऱ्यांचं, आणि कुंडाच्या तळाशी शेंदूर फासलेला, मध्यम भोपळ्याएवढा काळा गोटा. ज्याचं माणूस हरवलं असेल त्यानं खाली उतरायचं, माणसाचं नाव घ्यायचं आणि गोटा एका हातानं उचलायचा. हलका आला, माणूस जिवंत. जड आला, तर मग काय ते समजायचं.

एका सकाळी सुभद्राबाईंनी सरांपुढं भाकरी ठेवली आणि विचारलं, "सर, तुमच्या पुस्तकात गोट्याचं काई सांगतेत का?"

"कोणता गोटा?"

"आसरामायचा. तो कधी हलका, कधी जड काऊन होते?"

"होत नाही, बाई. दगडाचं वजन ठरलेलं असतं. उचलणारा घाबरला की त्याला जड वाटतं."

"मी तं आत्ताच घाबरलेली हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "म्हंजे जडच येईन."

सरांना ही भाकरी नीट गेली नाही. शाळा सुटल्यावर ते कुंडावर गेले. पुजारी उकंडराव पिंपळाखाली बसले होते. आजवर लागलेले सगळे कौल त्यांच्या तोंडपाठ होते.

"दिवाळीच्या अंगानं विचारलं न सर, तं आजवर कोनी मेलं नाही," उकंडराव म्हणाले. "त्या टायमाले माय खुशीत राह्यते. केसरबाईच्या लेकाचंच पाहा. गोटा कसा फुलावानी वर आला. जिवंत निघाला पोरगा."

"कुठं असतो तो आता?"

"कुठं राह्यते? त्याच्या तेराव्याले मीच जेवलो होतो, अकोल्याले. पन मायनं जिवंत सांगतलं म्हंजे जिवंत."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात मायचा कोप राह्यते. वैशाखात कोनी वाचत नाही."

सरांनी कुंडाकडं पाहिलं. तळ कोरडा खडखडीत, चिखलाच्या खपल्या उललेल्या, मधोमध गोटा. भिंतीवर दिवाळीच्या वेळच्या पाण्याची हिरवट रेघ. आणि सरांना घाम फुटला, तो आनंदाचा होता. पाण्यात बुडालेली वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तितक्या वजनानं हलकी होते, हे त्यांनी याच वर्षी दोन तासिका खर्चून शिकवलं होतं. दिवाळीत कुंड भरलेलं, गोटा पाण्यात, हलका. वैशाखात कुंड आटलेलं, गोटा जड. या गावात कोण जगलं आणि कोण मेलं हे आजवर पर्जन्यमानावर ठरत आलं होतं.

अर्जुनरावांनी वैशाख का धरला, हेही मग सरांना समजलं. सगळं गाव उकंडरावांसारखंच बोलत होतं. हिशोब फक्त अर्जुनरावांनी केला होता.

सरांनी ठरवलं, गोट्याची घनता काढायची आणि मोजण्यात चूक किती असू शकते तेही मांडून पंचांपुढं ठेवायची. गोटा दगड आहे, दगडासारखाच वागतो, हे सिद्ध झालं की कौल रद्द. उकंडरावांची एकच अट होती: गोटा कुंडाबाहेर न्यायचा नाही. "आंघोळ घाला न, तिले कोन नाही म्हनते," ते म्हणाले. त्यामुळं सावरखुट्यातला पहिला वैज्ञानिक प्रयोग देवाच्या आंघोळीच्या नावाखाली, कुंडाच्या वरच्या पायरीवर पार पडला.

वजनाला काटा आणला कापसाच्या व्यापाऱ्याकडून, स्प्रिंगचा, आकड्याचा. काटा खरेदीचा असल्यामुळं शून्यावर उभं राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो शून्याच्या थोडा मागूनच निघायचा. सरांनी तेवढं जमेस धरलं. गोटा दोरीच्या जाळीत घालून टांगला: नऊ किलो. मग सुभद्राबाईंचं तांब्याचं घंगाळ काठोकाठ भरून त्यात गोटा सोडला, सांडलेलं पाणी परातीत धरलं आणि शाळेच्या टवका उडालेल्या मोजपात्रानं मोजलं: तीन लिटर. तेच पुन्हा केलं, आणि पुन्हा. कधी पाणी जास्त सांडलं, कधी शेंदराच्या तेलानं पाण्याची पातळी नीट दिसेना. सरासरी काढली. घनता पाण्याच्या तिप्पट, म्हणजे साधा काळा दगड. आणि पाण्यात बुडवलेल्या गोट्याचं वजन काट्यावर सहा किलो, जसं हवं तसं.

"आता चूक," सर हात चोळत म्हणाले.

"चूक झाली काय?" सुभद्राबाई दचकल्या.

"झाली नाही, असतेच. किती आहे ते सांगायचं असतं. काट्याची पाव किलो, पाण्याची शंभरात तीन. भागाकारात चुका एकमेकींत मिळतात, सोयऱ्यांसारख्या. शंभरात सहा धरा. वजनापुरतं बोलायचं तर पाव किलो इकडे-तिकडे. त्याहून फरक पडला तर ती चूक नाही, तो खरा फरक."

हे त्यांनी पोलीस पाटलांपुढं, उकंडरावांपुढं आणि अर्जुनरावांपुढंही सांगितलं. ठरलं असं: कौलाच्या दिवशी गोटा आधी वरच्या पायरीवर तोलायचा, मग तळाशी. काट्याची वरची कडी सुभद्राबाईंच्या हातात, म्हणजे उचलणं त्यांचंच. आकडा वाचायचा सरांनी. दोन्हीकडं वजन पाव किलोच्या आत सारखं आलं, तर गोट्यानं काही सांगितलंच नाही असं समजायचं आणि बाईंना त्या घरातून कोणी हलवायचं नाही.

"आन पाव किलोच्या वर फरक पडला तं?" पाटलांनी विचारलं.

"तर गोटा जे म्हणेल ते मला मान्य," सर म्हणाले. असं बोलताना माणसाला फार मोकळं वाटतं.

अर्जुनराव हसले. "घ्या लिहून. वैशाखात हा गोटा आजवर हलका आला नाही, सर. खाली तो जडच भरन, कितीबी काटे लावा."

कौलाचा दिवस उजाडला. मुहूर्त ऐन दुपारचा. वारा पडलेला, पिंपळाचं पानही हलत नव्हतं. गावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि कुंडात तर महिन्यापासून चिमणीला चोच बुडवायला पाणी नव्हतं. माणसं पायऱ्यांवर सावली शोधत बसली.

वरच्या पायरीवर गोटा तोलला. नऊ किलो. पाटलांनी स्वतः आकडा पाहिला.

उकंडरावांनी गोटा खांद्यावर घेतला आणि उतरले. तळाच्या जवळ आल्यावर त्यांनी तो खांद्यावरून असा सहज काखेत घेतला, जसा म्हातारा माणूस उशी घेतो. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. सरांच्या आलं, आणि सरांनी ते सवयीवर टाकलं. गोटा तळाशी ठेवून उकंडराव वर आले.

मग सुभद्राबाई उतरल्या. वरच्या पायऱ्या त्या नेहमीसारख्या उतरल्या. शेवटच्या तीन मात्र पाय चाचपत, हात थोडे बाजूला धरून, नदीत उतरणाऱ्या बाया उतरतात तशा. त्यांच्या मागं सर. तळाशी सरांना कमरेपर्यंत गार वाटलं. खोल जागा, जुना दगड, त्यांनी ठरवून टाकलं. पाऊल जरा हलकं पडत होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"नाव घ्या, बाई," वरून उकंडराव म्हणाले.

सुभद्राबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं. ते कोणाला ऐकू गेलं नाही, ओठ हललेले तेवढे दिसले. त्यांनी कडी धरली आणि काटा उचलला. जाळी ताणली, गोटा जमिनीपासून सुटला, आणि सर आकडा वाचायला वाकले.

सहा किलो.

सरांनी डोळा सुईच्या नेमका समोर आणला. तिरकं पाहिलं की आकडा चुकतो, हे ते मुलांना रोज सांगत. सहा. शून्य तपासलं. काटा व्यापाऱ्याचाच होता, जितका मागं राहायचा तितकाच राहिला. सुभद्राबाईंच्या पदराचं टोक गोट्याला टेकलं होतं, ते बाजूला केलं. सहा. आणि सुई स्थिर नव्हती. अगदी बारीक, एका लयीत हलत होती, कुणी काठावर धुणं आपटत असलं की दूरच्या घागरीला लागते तशी लय.

"किती?" अर्जुनरावांनी विचारलं.

"थांबा जरा."

"थांबाले काय? आकडा सांगा न."

"सहा," सर म्हणाले. पायऱ्यांवर कुजबुज झाली आणि लगेच बंद पडली.

"काटा बिघडला अशीन," अर्जुनराव म्हणाले.

खरं तर सरांनाही तेच हवं होतं. सुभद्राबाई त्यांच्याकडं पाहत होत्या. मान्य केलं तर त्यांचं कुंकू राहत होतं. पण सरांना चूक शोधल्याशिवाय राहवेना, आणि ती सापडली असती तर बाईंच्या हातातला कौल त्यांनी स्वतःच काढून घेतला असता. त्यांना हे कळत होतं. हात तरीही थांबत नव्हते.

"बाई, तसाच धरून एकेक पायरी वर चढा. सावकाश."

सुभद्राबाई चढल्या. पहिली पायरी, सहा. दुसरी, सहा. तिसरीवर पाय ठेवताना गोटा त्यांच्या गुडघ्याजवळ लोंबत होता, आणि तिथं सुई निघाली. उडी मारून नाही; हळूहळू, गोटा वीतभर वर सरकेपर्यंत. सव्वासहा, सात, आठ, नऊ. नऊवर थांबली आणि हलायची बंद झाली.

"परत खाली."

वीतभर खाली. आठ, सात, सहा.

वजन एका जागी तुटून बदललं असतं, तर काटा अडकतोय म्हणता आलं असतं. हे तसं नव्हतं. पाण्यातून दगड वर काढताना जसा एकेक बोट उघडा पडतो आणि तितका तितका जड होत जातो, तसं हे होतं. बरोबर तीन किलोंचा फरक, बरोबर तीन लिटर पाणी. सरांचं शास्त्र कुठंही चुकलं नव्हतं. गोटा हलका होता कारण तो पाण्यात होता. फक्त पाणी नव्हतं.

तेवढ्यात पिंपळाचं एक वाळलेलं पान सुटलं. वारा नव्हता, ते सरळ खाली आलं, गरगरत, आणि तिसऱ्या पायरीच्या उंचीवर थांबलं. हवेत. मग आडवं होऊन, अगदी सावकाश, कुंडाच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडं वाहत गेलं. तिथं भिंतीशी जाऊन ते दोनदा टेकलं आणि राहिलं.

उकंडरावांनी हात जोडले आणि ते जोडलेलेच ठेवले.

"ही काहीतरी नजरबंदी हाय," अर्जुनराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "सर, व्हा तिकडं. मी उचलतो. माझ्या भावाचं नाव मलेबी घेता येते."

सुभद्राबाईंनी गोटा पुन्हा तळाशी ठेवला, आणि अर्जुनराव धोतर सावरत उतरले. तिसऱ्या पायरीखाली गेले तशी त्यांनी एकदम हात पसरले, तोल सावरल्यासारखे. पुढं झाले. आणि सगळ्यांनी पाहिलं: अर्जुनरावांच्या धोतराचा सोगा, वारा नसताना, त्यांच्या गुडघ्यांभोवती उमलत वर आला, पसरला, आणि तिसऱ्या पायरीच्या उंचीवर सपाट होऊन डुलत राहिला. पांढरं कापड, ऊन, आणि खाली कोरडा उललेला चिखल.

अर्जुनरावांनी त्या सोग्याकडं पाहिलं. मग पूर्वेच्या कोपऱ्याकडं पाहिलं, जिथं पान होतं. तिथं काय दिसलं ते त्यांनी पुढं आयुष्यात कोणाला सांगितलं नाही. गोट्याला हात न लावता ते परत फिरले. चढताना दम लागला होता. वर आल्यावर त्यांनी धोतर पिळलं. पाण्याचा थेंबही निघाला नाही, तरी ते पिळत राहिले.

पोलीस पाटील खाकरले. "सर, तुमीच सांगा. काट्याची चूक किती धरली होती?"

सरांना सगळ्या चुका पाठ होत्या. डोळ्याची, शून्याची, पात्राची, हाताची. त्यातली एकही तीन किलोंची नव्हती. काटाच फितूर आहे असं म्हणणं सोपं होतं; मग कौल झालाच नसता, अर्जुनरावांनी पुढच्या वैशाखात तो पुन्हा लावला असता आणि सरांची रात्रीची झोप शाबूत राहिली असती.

"पाव किलो," सर म्हणाले. मग पुस्तकी भाषा त्यांना कुठं सापडेना. "पाव किलो इकडे-तिकडे. ह्ये त्याच्यापरीस लय जास्त हाय. म्या शब्द देल्ला होता. गोटा हलका आला."

"म्हंजे रंगराव हयात," पाटील म्हणाले.

"काट्यानुसार," सर म्हणाले.

पाटलांनी तेवढंच ऐकलं आणि उठले. माणसं उठली. इतकी माणसं इतक्या गुपचूप कुंडावरून गेलेली सरांनी पाहिली नव्हती. अर्जुनराव सगळ्यांत शेवटी निघाले. सुभद्राबाईंपाशी थांबले, मान वर न करता म्हणाले, "वयनी, चाला घरी. पेटी मी काहाडाले लावतो तुमच्या खोलीतून." आणि वाट न पाहता गेले.

सर तिसऱ्या पायरीवर बसले. सुभद्राबाई वर पिंपळाकडं गेल्या होत्या. सरांनी एक पाय खालच्या पायरीवर सोडला. घोट्याला गार लागलं. पाय उचलून पाहिला: कोरडा. पुन्हा सोडला. पोटरीवरून काहीतरी हळूच सरकत गेलं, माशासारखं, आणि पूर्वेच्या कोपऱ्याकडं गेलं. सरांनी पाय वर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

त्यांच्या डोक्यात एक सरळ हिशोब चालू होता आणि तो थांबत नव्हता. गोटा हलका, कारण पाणी आहे. पाणी आहे, म्हणून गोटा हलका. यात रंगराव कुठंच येत नव्हते. ते गाडी सोडून कुठं गेले, जिवंत की कसे, हे गोट्याला सकाळी जितकं माहीत होतं तितकंच आत्ताही माहीत होतं. बाईंना हे सांगायला हवं का? आणि तो कोपरा. एकदा खाली उतरून त्या कोपऱ्यात हात घालून पाहिला, तर एवढ्या वर्षांचा प्रश्न मिटला असता. सरांनी तिकडं पाहिलं. पान अजून तिथंच होतं, आणि आता ते एकटं डुलत नव्हतं. त्याच्या खालून कोणी श्वास घ्यावा तसं थोडं वर जात होतं, थोडं खाली येत होतं.

पाठीमागं पावलं वाजली. सुभद्राबाई येऊन पायरीवर बसल्या. त्यांनीही पानाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरांना वाटलं, आता या रडतील, किंवा हाक मारतील, किंवा उतरायला लागतील, आणि मग आपल्याला यांच्यामागं उतरावं लागेल.

"बाई," सर म्हणाले, "मले एक गोष्ट सांगायची हाय. तो गोटा..."

"राहू द्या, सर. मले समजते." त्यांनी पदर डोक्यावरून नीट ओढला. कुंकू घामानं थोडं उतरलं होतं, ते त्यांनी बोटानं जागेवर आणलं. "घरात राह्यली म्हंजे घरचं पानी मलेच भरा लागते. विहीर आटली. देरानी तं काई उठत नाही."

आणि त्यांनी पिंपळाखालून आणलेली पितळी कळशी पदराआडून काढून सरांच्या मांडीवर ठेवली.

"तुमचा हात लांब हाय. एवढी बुडवून द्या न, त्या कोपऱ्याकडून नोका भरू."